तीन हंगामांची अट

२००३ सालच्या जानेवारी महिन्याच्या ३ तारखेस ॲरिझोना राज्यातील टेम्पी येथे, सन डेव्हिल स्टेडियमवर, अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलचे अजिंक्यपद ठरविणारा जो सामना झाला, त्याची हकिकत तेथील क्रीडारसिक आजही सांगतात ती मुख्यतः पंचांच्या एका वादग्रस्त निर्णयासाठी; मला मात्र त्या रात्रीचे महत्त्व वाटते ते दोन तरुणांमुळे. मायामी विद्यापीठाचा संघ सलग ३४ सामने जिंकून मैदानात उतरला होता, आणि ओहायो स्टेट विद्यापीठ १९६८ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाची वाट पाहत होते. दोन्ही संघांची भिस्त एकेका रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या मानवी भिंतीत घुसणाऱ्या गड्यावर होती. मायामीचा विलिस मॅगही २१ वर्षांचा होता. ओहायोचा मॉरिस क्लॅरेट १९ वर्षांचा. सामन्याच्या चौथ्या पर्वात मॅगहीने एक आखूड फेक झेलली आणि तो वळतो न वळतो तोच प्रतिपक्षाच्या खेळाडूचा खांदा त्याच्या डाव्या गुडघ्यावर असा आदळला, की गुडघा निसर्गाने नेमून दिलेल्या दिशेच्या उलट वाकला आणि त्यातील तीन अस्थिबंध तुटले. त्याला मैदानाबाहेर नेल्यानंतर सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ खेळविला गेला, दुसऱ्यांदा खेळविला गेला, आणि शेवटी पाच यार्डांची धाव घेऊन क्लॅरेटने निर्णायक टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेला. ओहायो ३१, मायामी २४.

त्यानंतरच्या पंधरवड्यात जे घडले ते माझ्या लेखाचे मूळ होय. ज्याला कुबड्यांवाचून उभेही राहता येत नव्हते, त्या मॅगहीला व्यावसायिक लीगमध्ये निवडीसाठी अर्ज करण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण शाळा सोडून त्याला तीन हंगाम झाले होते. आणि ज्याचे शरीर अभंग होते, ज्याचे नाव त्या सप्ताहात देशभर गाजत होते, त्या क्लॅरेटला तो अधिकार नव्हता, आणि आणखी दोन हंगाम तो मिळणार नव्हता. दोघांच्या गुणवत्तेत वा धैर्यात असे अंतर नव्हते. अंतर होते ते दिनदर्शिकेत.

हा फुटबॉल आपल्याकडचा, पायाने चेंडू खेळण्याचा, नव्हे, हे सांगावयास नकोच. परंतु त्या देशात खेळाडू महाविद्यालयातून व्यवसायात कसा जातो हे थोडे उलगडून सांगणे भाग आहे. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या आपल्या वाचकाला वाटेल, की तेथेही बोली लागत असेल. तसे नाही. ड्राफ्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वार्षिक निवडीत ३२ संघ क्रमाने एकेक खेळाडू उचलतात, गतवर्षी जो संघ सर्वांत दुर्बळ ठरला त्याला पहिला मान असतो, अशा सात फेऱ्या होतात, आणि ज्या संघाने नाव पुकारले त्या संघाखेरीज अन्य कोणाशीही करार करण्याची मुभा त्या खेळाडूस उरत नाही. गाव, संघ वा शिक्षक यांपैकी काहीही त्याच्या पसंतीने ठरत नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे अर्ज कोणत्या वर्षी करावयाचा. आणि पदवीचा काळ पूर्ण होण्यापूर्वी, तिसऱ्या वर्षानंतरच तो करावयाचा असेल, तर त्यासाठी जानेवारीच्या मध्यापर्यंतची मुदत असते.

या व्यवस्थेचा उगम शोधू गेल्यास १९२५ सालापर्यंत मागे जावे लागते. इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू. त्याने महाविद्यालयातील अखेरचा सामना खेळल्यावर परीक्षेची वाट न पाहता शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाशी करार केला आणि अवघ्या काही दिवसांत, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या रिग्ली फील्डवर ३६,००० प्रेक्षकांसमोर तो खेळला. विद्यापीठे संतापली. तोवर व्यावसायिक फुटबॉलला प्रतिष्ठा नव्हती. ती विद्यापीठांच्या सद्भावाशिवाय मिळणार नव्हती. म्हणून पुढच्याच वर्षी लीगने असा नियम केला, की ज्या वर्गात विद्यार्थ्याने प्रवेश घेतला तो वर्ग पदवीधर होईपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. या तहाचे दोन पक्ष होते, विद्यापीठे आणि संघमालक. ज्याच्याविषयी तह झाला तो तिसरा, त्याला कोणी विचारले नाही. पुढे १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट भरला आणि सर्वांत प्रथम ज्याचे नाव पुकारले गेले, तो शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याने चरितार्थासाठी दुसरा मार्ग पत्करला. आज हे ऐकून आश्चर्य वाटते, पण तेव्हा फुटबॉलच्या धंद्यात फारसे द्रव्य नव्हते.

द्रव्य आले तसा तो जुना तह डळमळू लागला. १९८३ साली जॉर्जिया विद्यापीठाचा हर्शेल वॉकर तिसरे वर्ष संपवून एका नव्या, प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, आणि १९८९ साली ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स, ज्याने आदल्या हंगामात ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धाव घेऊन सारे विक्रम मोडले होते, त्याला लीगने अपवाद म्हणून प्रवेश दिला. अपवाद एकदा केला, की न्यायालयात त्याचे समर्थन करणे दुष्कर होते, हे लीगच्या वकिलांना उमगले असावे. १९९० मध्ये तीन हंगामांनंतर कोणालाही अर्ज करण्याची परवानगी मिळाली. चारांचे तीन झाले. परंतु तीनच का, दोन का नाहीत, याचे उत्तर त्या वेळी कोणी देऊ केले नाही.

आता ज्या तरुणाला हा अधिकार आहे त्याच्या हिवाळ्याकडे पाहू. डिसेंबरात हंगामाचे नियमित सामने संपतात. लीगने नेमलेली एक सल्लागार समिती असते, तिच्याकडे महाविद्यालयामार्फत विचारणा करता येते. समिती लेखी अभिप्राय देते, की पहिल्या फेरीत निवड होण्याचा संभव आहे, किंवा दुसऱ्या फेरीत आहे, किंवा मग शिक्षण चालू ठेवावे हे बरे. हा अभिप्राय कोणालाही बंधनकारक नाही. इकडे प्रशिक्षक सांगतात की आणखी एक वर्ष थांब; ते मनापासून सांगत असतील, परंतु त्यांची स्वतःची नोकरीही त्याच्या पायांवर उभी असते. तिकडे एजंट सांगतात की आताच चल, आणि त्यांचे कमिशन करारावर अवलंबून असते. घरी आई असते, जिने पदवीचे वचन घेतलेले असते. आणि बहुधा तीच भाडे थकलेल्या घरात राहत असते. एजंटाशी करार केला, की महाविद्यालयीन खेळण्याचा हक्क सर्वसाधारणपणे संपतो. २० किंवा २१ वर्षांच्या मुलाने हा निर्णय काही आठवड्यांत, परीक्षा आणि अखेरचा सामना यांच्या धामधुमीत, घ्यावयाचा असतो.

या निर्णयाला वर्तमानपत्रे पैशाचा आणि पदवीचा झगडा असे रूप देतात, ते मला पटत नाही. पदवी पुढेही घेता येते. फ्लॉरिडा विद्यापीठ तीन वर्षांत सोडून १९९० च्या ड्राफ्टमध्ये उतरलेल्या एमिट स्मिथने व्यावसायिक कारकीर्द ऐन भरात असताना १९९६ साली ती घेतली. जे पुढे घेता येत नाही ते शरीर. खेळाडूंची संघटना व्यावसायिक कारकिर्दीची सरासरी सुमारे ३.३ वर्षे सांगत आली आहे, आणि रनिंग बॅकच्या गुडघ्यांना व घोट्यांना प्रत्येक धावेत मोजूनमापून वापरल्या जाणाऱ्या भांडवलाची अवस्था असते: महाविद्यालयात विनावेतन खाल्लेला प्रत्येक आघात पुढच्या सवेतन आघातांतून वजा होतो. साउथ कॅरोलायनाचा मार्कस लॅटिमोर याचे उदाहरण विदारक आहे. २०११ च्या ऑक्टोबरात त्याचा डावा गुडघा गेला. कष्टाने तो परतला. २०१२ च्या ऑक्टोबरात उजवा गुडघा त्याहून भयंकर रीतीने गेला. त्या हिवाळ्यात त्याने अर्ज केला, सॅन फ्रॅन्सिस्कोने चौथ्या फेरीत त्याला घेतले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, लीगच्या एकाही सामन्यात न खेळता, तो निवृत्त झाला. नियमाने त्याला तीन वर्षे ज्या धोक्यापासून जपले असे म्हणावयाचे, तो धोका त्या तीन वर्षांतच येऊन गेला होता.

याच्या उलट अँड्र्यू लक. २०११ च्या जानेवारीत स्टॅनफर्डचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचे डाव चालविणारा गडी, सर्वांत प्रथम निवडला जाईल याविषयी जाणकारांत मतभेद नव्हता. तरी तो स्थापत्यरचनेची पदवी पुरी करण्यासाठी एक वर्ष थांबला, आणि २०१२ साली पहिलाच निवडला गेला. त्याच्या निश्चयाचे मला कौतुक आहे. पण जो थांबला आणि सुखरूप राहिला त्याच्या कथेवरून साऱ्यांनी थांबावे असा उपदेश काढणे अन्यायाचे होय, कारण लकचे वडील स्वतः व्यावसायिक क्वार्टरबॅक होते आणि पुढे मोठ्या पदावरचे क्रीडाप्रशासक. वाट पाहण्याचा खर्च त्या घराला झेपत होता.

मॅगहीच्या गाठी ही ऐपत नव्हती. विमा मात्र होता. त्या सामन्याच्या थोडे आधी त्याने २५ लाख डॉलर्सचा विमा उतरविला होता असे तेव्हाच प्रसिद्ध झाले. मोडलेल्या गुडघ्याने अर्ज करणे वेडेपणाचे आहे, एक वर्ष थांबून तंदुरुस्ती सिद्ध करावी, असा सल्ला त्याला चहूकडून मिळाला. त्याने मानला नाही, आणि त्याचा हिशेब अधिक शहाणपणाचा होता असे मला वाटते. कारण गुडघा बरा होण्यास जे वर्ष लागणार होते, ते विद्यापीठाच्या नावाने बसून काढण्यापेक्षा एखाद्या संघाच्या वेतनावर, त्याच्या वैद्यांच्या देखरेखीखाली काढणे केव्हाही श्रेयस्कर होते. एप्रिलमध्ये बफलो बिल्सने पहिल्या फेरीत, २३ व्या क्रमांकावर, त्याचे नाव पुकारले. पहिला हंगाम तो खेळलाच नाही. दुसऱ्या हंगामात त्याने हजाराहून अधिक यार्ड धाव घेतली, आणि एकंदर दहा हंगाम तो लीगमध्ये टिकला.

मॉरिस क्लॅरेटची हकिकत सांगताना लेखणी जड होते. तो यंगस्टाउनचा. १९७७ च्या सप्टेंबरात ओहायोमधील या गावातला पोलादाचा मोठा कारखाना एका सोमवारी बंद झाल्याची घोषणा झाली, त्यामागून इतर कारखाने गेले, हजारो कुटुंबांची रोजी गेली, आणि क्लॅरेट १९८३ साली जन्मला तेव्हा गावात जे उरले होते त्यात फुटबॉल हा बाहेर पडण्याच्या थोड्या वाटांपैकी एक होता. तो घाईत होता हे दिसतेच: शाळेचे शिक्षण डिसेंबर २००१ मध्ये, वर्गाच्या आधी, संपवून जानेवारीत तो विद्यापीठात दाखल झाला, आणि पहिल्याच वर्षी १,२३७ यार्ड धाव आणि १६ टचडाउन त्याच्या नावावर लागले. अंतिम सामन्याच्या आधी त्याच्या एका मित्राचा खून झाला. अंत्यविधीसाठी घरी जाण्याची तजवीज विद्यापीठाकडून झाली नाही. अधिकारी म्हणाले की त्याने आवश्यक कागदपत्रे भरली नाहीत, आणि तो पत्रकारांसमोर म्हणाला की ते खोटे बोलत आहेत. कोणाचे खरे होते याचा निवाडा मी करू शकत नाही. परंतु लाखभर प्रेक्षकांच्या मैदानावर ज्याच्या धावांनी तिकिटे खपत होती, त्याला विमानभाड्यासाठी अर्ज करावा लागत होता, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांना मान्य होती.

२००३ च्या सप्टेंबरात, नियमबाह्य लाभ घेतल्याबद्दल आणि चौकशीत खरे न सांगितल्याबद्दल, विद्यापीठाने त्याला संपूर्ण हंगामासाठी निलंबित केले. दोष त्याचा होता. तो लपविण्याचे कारण नाही. आता महाविद्यालयात खेळता येत नव्हते आणि व्यवसायात प्रवेश नव्हता. त्याने न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात लीगविरुद्ध फिर्याद गुदरली, तिचा आधार १८९० चा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा होता: ३२ मालकांनी संगनमताने एका सज्ञान माणसास त्याच्या व्यवसायातून वगळले आहे. ५ फेब्रुवारी २००४ रोजी न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की लीग आणि खेळाडूसंघटना यांच्यातील करारनामा संघटनेच्या सभासदांच्या अटी ठरवू शकतो, पण जो अद्याप सभासदच नाही, ज्याला उंबरठ्याबाहेर ठेवण्यासाठीच ती अट आहे, त्याला त्या करारनाम्याने बांधता येत नाही. शिवाय अट करारनाम्यात शब्दशः नव्हती, ती लीगच्या घटनेत होती.

त्याच्या विजयाच्या भरवशावर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा माइक विल्यम्स हाही अर्ज करून मोकळा झाला आणि त्याने एजंट नेमला. ड्राफ्ट २४ एप्रिलला होता. १९ एप्रिलला अपील न्यायालयाने खालच्या निकालास स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती उठविण्यास नकार दिला. ड्राफ्ट या दोघांवाचून पार पडला. आणि २४ मे रोजी अपील न्यायालयाचे सविस्तर निकालपत्र आले, ज्याच्या लेखिका न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयावर गेल्या. ते निकालपत्र तर्कशुद्ध आहे. सामूहिक सौद्याने ठरलेल्या अटी मक्तेदारीच्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणे हे कामगार कायद्याचे धोरण आहे. गिरणी असो वा गोदी, नव्याने येणाऱ्या कामगाराला जुन्यांनी मान्य केलेल्या अटींवरच आत यावे लागते. आणि आतल्यांची जागा राखण्यासाठी बाहेरच्यांवर अट घालणे हे संघटना नेहमीच करीत असतात. न्यायशास्त्राच्या दृष्टीने यावर माझ्यासारख्याने काय बोलावे? पण गिरणीची उपमा मला एका ठिकाणी तोकडी वाटते. गिरणीच्या दाराबाहेर थांबलेला कामगार थांबण्याच्या काळात त्याच यंत्रावर, त्याच धोक्यात, दुसऱ्या मालकासाठी विनावेतन राबत नसतो.

लीगचा बचाव अगदीच पोकळ होता असेही नाही. १९ वर्षांच्या मुलाची हाडे आणि ३० वर्षांच्या, दीडशे किलो वजनाच्या माणसाचा धक्का यांचा मेळ बसत नाही, असे प्रशिक्षक कळकळीने सांगतात, आणि बहुतेक जागांसाठी ते खरेही आहे. आघाडीच्या फळीतला खेळाडू विशीनंतरच भरतो. तथापि जो नियम खरोखर शरीराच्या काळजीपोटी झाला, तो शरीराची तपासणी करील, तारखा मोजणार नाही. तीन वर्षांच्या अटीने लीगला घडलेला, पारखलेला आणि प्रसिद्धी पावलेला खेळाडू एक पैही खर्च न करता मिळतो, विद्यापीठाला तीन हंगामांची तिकीटविक्री मिळते, आणि जुन्या खेळाडूंना आपल्या जागेवर आणखी काही काळ राहता येते. या तिघांचे हित मला स्पष्ट दिसते. क्लॅरेटचे हित त्यात कोठे होते ते मला निकालपत्रातही सापडले नाही.

विल्यम्सने एजंटाशी संबंध तोडून पुन्हा अभ्यासात प्रवेश घेतला, तरी महाविद्यालयीन संघटनेने त्याला मैदानाचे दार उघडले नाही. त्या हंगामात तो कोठेच खेळला नाही, आणि २००५ साली डेट्रॉइटने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. क्लॅरेटची घसरण अधिक खोल गेली. दोन वर्षे सामना न खेळलेले त्याचे शरीर २००५ च्या फेब्रुवारीत इंडियानापोलिसच्या जाहीर चाचणीत ४० यार्डांचे अंतर ४.७२ आणि ४.८२ सेकंदांत कापू शकले, आणि रनिंग बॅकसाठी ते फार मंद होते. डेन्व्हरने तिसऱ्या फेरीच्या अखेरीस त्याला घेतले व ऑगस्टमध्ये, एकही सामना न खेळविता, सोडून दिले. २००६ मध्ये दोन वेळा अटक झाली, दुसऱ्या वेळी पोलिसांनी पाठलाग करून त्याला पकडले तेव्हा मोटारीत भरलेली शस्त्रे सापडली. शिक्षा साडेसात वर्षांची झाली, आणि साडेतीन वर्षे भोगून २०१० मध्ये तो सुटला. ही सारी अधोगती त्या एका कलमामुळे झाली असे मी म्हणणार नाही. पण ज्याचा दिवस सराव आणि सामना यांनी बांधलेला होता, त्याला दोन वर्षे कोठेही न खेळता रिकामे ठेवणे हा त्या अधोगतीतला एक टप्पा होता, हे मला नाकारता येत नाही. तो पुढे यंगस्टाउनला परतला, आणि मानसिक स्वास्थ्य व व्यसनमुक्तीचे काम करणारी एक संस्था त्याने तेथे काढली. ती आजही त्याच्या नावाशी निगडित आहे, आणि त्या गावाला तिची गरज होती.

त्यानंतर द्रव्याचा प्रवाह दोनदा वळला. २०१० साली पहिला निवडला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डच्या करारात ५ कोटी डॉलर्स हमखास होते. पुढच्याच वर्षी नव्या करारनाम्याने नवागतांच्या वेतनास श्रेणी लावून दिली, आणि पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. परिणाम उफराटा झाला. पहिला करार लहान व ठराविक झाल्याने खरी कमाई दुसऱ्या करारात राहिली, आणि तिथवर लवकर पोहोचण्यासाठी मुले अधिकच लवकर अर्ज करू लागली. दुसरे वळण १ जुलै २०२१ चे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदल्या महिन्यातील निकालानंतर महाविद्यालयीन संघटनेने खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्यास मुभा दिली. आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाच वर्षास सुमारे २ कोटी डॉलर्सपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंत वाटण्याचा अधिकार आला. आता ज्याला चौथ्या वा पाचव्या फेरीची आशा आहे, असा क्वार्टरबॅक लीगच्या नवागताच्या किमान वेतनापेक्षा, म्हणजे २०२५ च्या ८,४०,००० डॉलर्सपेक्षा, महाविद्यालयात राहूनच अधिक मिळवू शकतो, आणि अकाली अर्ज करणाऱ्यांची संख्या त्यामुळे खाली आली आहे. शंभर वर्षे उपदेशाने जे साधले नाही ते वेतनाने चार वर्षांत साधले.

क्लॅरेट हरला तेव्हा जी अट करारनाम्यात शब्दशः नव्हती, ती पुढे करारनाम्यातच स्पष्ट कलम म्हणून घालण्यात आली, आणि सध्याच्या करारनाम्यातही ती कायम आहे. ती रद्द व्हावी असे माझे मत आहे. ते होणार नसेल तर निदान एवढे व्हावे, की ज्याने अर्ज केला आणि ज्याचे नाव सात फेऱ्यांत कोणीही पुकारले नाही, त्याला पुढच्या ऑगस्टमध्ये आपल्या महाविद्यालयाच्या संघात परत जाता यावे. बास्केटबॉलच्या विद्यार्थ्यांना काही अटींवर ही सवलत आज आहे. ती देण्यास लीगला खर्च नाही आणि विद्यापीठांचा तोटा नाही. देण्याचे राहिले आहे ते केवळ ती मागणारा कोणी वाटाघाटीस बसलेला नसतो म्हणून. सध्याचा करारनामा २०३० च्या हंगामापर्यंत अंमलात आहे, आणि त्यानंतरच्या वाटाघाटींत हे कलम पुन्हा चर्चेस आणता येईल.